अंतर्गत मूल्यमापन विद्यार्थ्यांसोबत ठरवायचं असेल तर: नाशिकच्या महाविद्यालयीन शिक्षकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

वर्गात जाऊन "तुम्हाला गुण कशावर द्यावेत, सांगा" असं विचारलं की पहिल्या दोन बाकांवरचे तिघे-चौघे बोलतात. मागून "सर, सगळ्यांना पूर्ण द्या" असा आवाज येतो, वर्ग हसतो आणि पाच मिनिटांनी शिक्षक मागच्या वर्षीचा कागद बाहेर काढतात. मग स्टाफरूममध्ये निर्णय लागतो: मुलांना अजून तेवढी समज नाही. खरं तर मुलांपुढे वाचायला काही ठेवलेलं नसतं, कोणत्या गोष्टी त्यांच्या हातात आहेत हे सांगितलेलं नसतं आणि प्रश्न मात्र सगळ्यात अवघड विचारलेला असतो. अशा प्रश्नाला आपण प्राध्यापकांनीही तसंच उत्तर दिलं असतं.

पुढचे टप्पे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या कॉलेजांना डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहेत. स्वायत्त कॉलेजांनाही ते चालतील. सगळी चर्चा अंतर्गत गुणांपुरती आहे. सत्रांत परीक्षेला हात लावायचा नाही. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: अर्थशास्त्राचा किंवा वाणिज्यचा दुसऱ्या वर्षाचा वर्ग, काम म्हणजे लासलगाव बाजार समितीत कांद्याचा भाव कसा ठरतो यावरचा क्षेत्रभेटीचा अहवाल, आणि अंतर्गत ३० गुणांपैकी १५ चाचणीला, १५ या अहवालाला.

## टप्पा १: काय बंद, काय उघडं, ते आधी कागदावर

विद्यार्थ्यांपुढे जाण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा: बंद, मर्यादेत उघडं, पूर्ण उघडं.

बंद रकान्यात येतात अभ्यासक्रम, कोर्स आउटकम्स (विषय शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं त्याची यादी), अंतर्गत आणि सत्रांत गुणांची वाटणी, उत्तीर्ण होण्याची अट आणि पोर्टलवर गुण भरण्याची शेवटची तारीख. संलग्न कॉलेजात यातलं काहीच शिक्षकाच्या हातात नसतं. स्वायत्त कॉलेजात अभ्यास मंडळ कॉलेजचंच असतं, तरी सत्र सुरू झाल्यावर तिथेही हा रकाना बंदच समजा.

मर्यादेत उघडं म्हणजे कामाचा प्रकार आणि तारखा. अहवाल, सादरीकरण, ओपन बुक चाचणी, पोस्टर यांतलं काय चालतं आणि लेखी चाचणी सक्तीची आहे का, हे आपल्या विषयाच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत बघा. ऐकीव माहितीवर जाऊ नका. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पॅटर्न बदलले आणि स्टाफरूममध्ये अजूनही जुन्या पॅटर्नचे नियम ठामपणे सांगितले जातात.

पूर्ण उघड्या रकान्यात निकष, प्रत्येक निकषाच्या पातळ्यांचं वर्णन, निकषांमध्ये १५ गुण कसे वाटायचे, विषयाची निवड, कच्च्या मसुद्यावर अभिप्राय कसा हवा आणि उशिराचा नियम. हा रकाना लहान वाटतो, पण विद्यार्थ्याला रोज टोचणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी यातच असतात.

आता हा कागद विभागप्रमुखांना आणि कॉलेजच्या परीक्षा अधिकाऱ्यांना दाखवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. तोंडी "हो, करा की" वर थांबू नका. पुढे एखादा पालक विचारायला आला तर त्या तोंडी होकाराचा उपयोग होत नाही.

सावध: एकच विषय अ आणि ब तुकडीला दोन वेगळे शिक्षक शिकवत असतील तर दोघांनी मिळूनच हे करा, नाहीतर करूच नका. एका तुकडीला मांडणीला दोन गुण आणि दुसरीला पाच, हे कॅन्टीनमध्ये अर्ध्या तासात कळतं आणि त्यानंतर निकष कितीही चांगले असले तरी तक्रार योग्यच असते.

तपासा: बंद रकान्यातली प्रत्येक गोष्ट "का बंद आहे" हे एका वाक्यात सांगता येतंय का? जी सांगता येत नाही, ती बहुधा आपल्या सवयीमुळे बंद आहे. ती दुसऱ्या रकान्यात हलवा.

## टप्पा २: वेळ काढा, पण पहिल्या आठवड्यात नाही

सत्र साधारण १५ आठवड्यांचं. त्यातला दुसरा ते पाचवा आठवडा या कामासाठी योग्य. प्रथम वर्षाला आणखी थांबा, कारण प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात आणि अर्धा वर्ग नंतर येतो. जे नव्हते त्यांच्यावर इतरांनी ठरवलेले निकष लादले जातात, आणि ते तसं बोलूनही दाखवतात.

एकूण तीन तासिका लागतात, सलग नाही, आठवड्याला एक. चार क्रेडिटच्या विषयाला ६० तास असतात. त्यातले तीन गेले म्हणून सिलॅबस अडत नाही. तरीही अडचण वाटत असेल तर नमुन्यांचे विषय चालू घटकातलेच घ्या. मागणी-पुरवठा शिकवताना कांद्याच्या भावाचे अहवाल वाचून घेतले तर तो तास शिकवण्यातच धरता येतो.

## टप्पा ३: नमुने जमवा (सगळ्यात जास्त मेहनत इथे)

विद्यार्थ्यांनी निकष हवेत बनवू नयेत म्हणून त्यांच्या हातात खरं काम हवं. मागच्या तुकड्यांचे सहा अहवाल निवडा: चार पहिल्या तासाला, दोन राखीव. राखीव दोन कोणालाही दाखवू नका, टप्पा ६ मध्ये लागतील.

निवडताना एक उत्तम आणि एक टाकाऊ असे टोकाचे घेतले की सगळ्यांचं लगेच एकमत होतं आणि शिकायला काही उरत नाही. चारांत हे दोन नक्की ठेवा: एक देखणा पण पोकळ, म्हणजे रंगीत फोटो, सुबक तक्ते आणि इंटरनेटवरून उचललेली कांद्याची सर्वसाधारण माहिती, आणि एक ओबडधोबड पण डोकं लावलेला, म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली होताना माल वेगळा निघाला की ठरलेल्या भावावरून वाद कसा होतो ते स्वतः बघून लिहिलेलं. वर्गाची खरी चर्चा या दोघांवर होते.

वापरण्याआधी त्या विद्यार्थ्यांची परवानगी घ्या. नाव, रोल नंबर, आभाराचं पान आणि सेल्फी काढून टाका. हस्ताक्षर ओळखू येतं, म्हणून हस्तलिखित असेल तर टाइप करून घ्या. जुनं काम नसेल तर स्वतः दोन-दोन पानांचे नमुने लिहा. एक संध्याकाळ जाते, पण उपयोग पाच वर्षं होतो. वर्गात मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची मुलं असतील तर नमुनेही दोन्ही भाषांत हवेत. सगळे चांगले नमुने इंग्रजीत असले तर सुरगाण्याहून किंवा पेठहून, म्हणजे आदिवासी तालुक्यांतून, मराठी माध्यमात शिकून आलेला मुलगा पहिल्या दहा मिनिटांतच ठरवतो की हे आपल्यासाठी नाही.

सावध: नमुन्यांची पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. झेरॉक्स वाटा, क्रमांक घाला, तास संपला की मोजून परत घ्या. एकदा फाइल बाहेर गेली की त्याच अहवालाची दहा रूपं पुढच्या महिन्यात आपल्याच टेबलावर येतात.

## टप्पा ४: पहिली तासिका – निकषांशिवाय वाचन

फळ्यावर निकष लिहू नका. "निकष" हा शब्दही आज नको.

१. प्रत्येकाला चार नमुने द्या आणि गप्प बसून वाचायला पंधरा मिनिटं. प्रत्येक जण आपला क्रम लावतो आणि प्रत्येक नमुन्याखाली एक वाक्य लिहितो: हा इथे का ठेवला.

२. त्यानंतरच चौघांचे गट. गट रोल नंबरने पाडा, मैत्रीने नाही. गटाने एकच क्रम ठरवायचा, न जमल्यास मतभेद लिहायचा.

३. गटांचे क्रम फळ्यावर एकाखाली एक लिहा.

पहिल्यांदा बहुतेक गट देखण्या अहवालाला वर ठेवतात. तिथे बोलू नका. "अरे, नीट वाचा" असं शिक्षक म्हणाले की वर्ग उरलेला वेळ आपल्या मनातलं उत्तर ओळखण्यात घालवतो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: "हा अहवाल वाचून लासलगावच्या भावाबद्दल तुम्हाला आधी माहीत नसलेलं काय कळलं? पान आणि ओळ दाखवा." लासलगाव ज्यात येतं त्या निफाड तालुक्यातली मुलं वर्गात असतातच, त्यातली काही ट्रॅक्टरवर बसून लिलावाला गेलेली असतात. पोकळ अहवालातला खोटेपणा ती तुमच्या आधी पकडतात. "सर, इथे नुसता भाव लिहिलाय, क्विंटलचा की किलोचा ते नाही. आणि आवक किती होती तेही नाही." इथून तास स्वतःच पुढे जातो.

क्रम बदलायची संधी द्या. कोणी बदलला आणि का, हे त्यांच्याकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्या. या चिठ्ठ्या जपून ठेवा. पुढच्या तासाचं सगळं सामान याच आहेत.

तपासा: वर्गातल्या प्रत्येकाची किमान एक लेखी चिठ्ठी तुमच्याकडे आहे का? फक्त बोलणाऱ्यांची मतं हातात असतील तर थांबा आणि लिहून घ्या. सीआरला (वर्ग प्रतिनिधीला) विचारून काम भागवणं ही इथली नेहमीची पळवाट आहे. सीआर त्याच्या गटापुरतं बोलतो.

## टप्पा ५: दुसरी तासिका – कारणांतून निकष

घरी बसून चिठ्ठ्यांवरची वाक्यं सारखेपणाने गटवा, मात्र शब्द त्यांचेच ठेवा. वर्गात त्या ढिगांना नावं द्यायला सांगा. साधारण दहा-बारा नावं येतात. ती चारवर आणा. पाच चालतील, सहा नकोत. सहा निकषांत १५ गुण वाटले की प्रत्येकाला दोन-अडीच येतात आणि तुम्ही अर्ध्या-अर्ध्या गुणाचा हिशेब करत बसता.

आपल्या उदाहरणात चार निकष असे निघू शकतात: माहिती स्वतः मिळवली आहे का, आकडे नीट वापरले आहेत का, भाव तसा का पडला याचं कारण पटतं का, वाचणाऱ्याला कळेल असं मांडलंय का.

इथे एक मागणी हमखास येते: "मेहनतीला गुण हवेत." ती सरळ फेटाळू नका. मेहनत दिसत नाही म्हणून मोजता येत नाही, एवढंच. विद्यार्थ्यांनाच विचारा की मेहनत केली हे कागदावर कुठे दिसेल. उत्तर बहुधा येतं: भेटीच्या दिवशी जागेवर लिहिलेली वही, तारीख-वेळेसह, किती जणांशी बोललो, त्यात शेतकरी किती, व्यापारी किती, मापारी किती. मग हे पहिल्या निकषाच्या वर्णनात जातं आणि "मेहनत" हा शब्द गळतो. "हजेरी", "शिस्त", "वर्तणूक" यांना मात्र स्पष्ट नकार द्या. अहवाल वाचून ज्याचा अंदाज येत नाही ते अहवालाच्या गुणांत नको.

आता पातळ्या. मी चार घेतो. तीन ठेवल्या की हात आपोआप मधलीवर जातो, विद्यार्थ्यांचा आणि आपलाही. लिहिताना सर्वोत्तमपासून सुरुवात करू नका. तिसरी पातळी, म्हणजे "ठीक, चालेल, पण भरीव नाही" ही आधी लिहा. ती सापडली की वरच्या दोन आणि खालची एक सोपी जाते.

"आकडे नीट वापरले आहेत का" या चार गुणांच्या निकषाचं वर्णन पुढच्यासारखं असलं की त्यावरून गुण देता येतात:

- ४ गुण: किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव प्रति क्विंटल, त्या दिवसाच्या आवकेसह, किमान आणि कमाल भावात फरक का, ते मालाच्या प्रतीशी जोडून दाखवलं आहे.
- ३ गुण: तिन्ही भाव आणि आवक आहे, पण फरकाचं कारण नाही किंवा ऐकीव आहे.
- २ गुण: भाव आहेत, आवक नाही, किंवा एकक आणि तारीख अर्धवट.
- १ गुण: एकच आकडा, कुठला आणि कधीचा ते कळत नाही.

याच जागी निकष-पातळ्यांचे बहुतेक तक्ते बिघडतात: "उत्तम विश्लेषण", "चांगलं विश्लेषण", "समाधानकारक विश्लेषण", "असमाधानकारक". विशेषण बदललं, बाकी काही नाही. वर्गाला नियम द्या की वर्णनात "चांगलं", "सखोल", "योग्य", "प्रभावी" हे शब्द वापरायचे नाहीत. चिडचिड होते, पण काम होतं.

गुणविभागणी

हात वर करून मतदान घेऊ नका. सगळे एकमेकांकडे बघून हात वर करतात. प्रत्येकाने चिठ्ठीवर १५ गुण चार निकषांत वाटायचे, नाव न लिहिता. सरासरी काढू नका, मधली किंमत घ्या. समजा पाच जणांनी मांडणीला २, ३, ३, ४ आणि १५ दिले. सरासरी ५.४ येते, मधली किंमत ३. एका गंमत करणाऱ्याने सगळ्या वर्गाचा कौल फिरवायला नको. चारही मधल्या किमतींची बेरीज १४ किंवा १६ आली तर फरक कोर्स आउटकमशी सगळ्यात जवळच्या निकषात टाका, आणि हे आधीच सांगून ठेवा. उदाहरणार्थ शेवटी ४, ४, ५, २ अशी वाटणी निघू शकते.

शिक्षकाची अट असेल तर तीही चिठ्ठ्या वाटण्याआधीच सांगा: "कारणमीमांसेला चारपेक्षा कमी गुण मी मान्य करणार नाही, कारण हा विषय त्यासाठीच आहे." निकाल पाहून नंतर अट काढली की विश्वास गेला, आणि पुढच्या तासिकेला कोणी मनापासून बसत नाही.

सावध: "अहवालाऐवजी एमसीक्यू घ्या" ही मागणी येणारच. तिला मर्यादेत उघड्या रकान्याच्या आधारे उत्तर द्या. नियमात बसत असेल तर चर्चा करा. बसत नसेल तर कागद दाखवा आणि पुढे चला. व्हिडिओ किंवा पोस्टरची मागणी जास्त गंभीरपणे घ्या, कारण चारही निकष त्यालाही लावता येतात का हे तपासणं वर्गासाठी चांगला सराव असतो. एक-दोन निकष लागत नसतील तर वर्ग स्वतःच ती मागणी मागे घेतो.

## टप्पा ६: तिसरी तासिका – चाचपणी

वेळ नाही म्हणून हाच टप्पा सगळे गाळतात आणि सगळी भांडणं इथूनच उगवतात. तक्ता छान दिसतोय, सगळ्यांनी माना डोलावल्या, आता टाइप करून लावून टाकू, असं वाटतं. थांबा.

राखीव दोन अहवाल काढा. तुम्ही स्वतः आदल्या दिवशी त्यांना नव्या तक्त्याने गुण देऊन पाकिटात बंद करा. वर्गात प्रत्येकाने एकट्याने गुण द्यायचे, निकषवार. मग फळ्यावर प्रत्येक निकषासमोर किती जणांनी किती दिले ते मोजून लिहा. आपलं पाकीट सगळ्यात शेवटी उघडा.

एकूण गुणांकडे बघू नका, निकषाकडे बघा. चार गुणांच्या निकषात निम्म्या वर्गाने ४ आणि निम्म्याने २ दिले असतील तर वर्णनात फट आहे. दोन टोकांच्या दोघांना उभं करा आणि अहवालातली ओळ दाखवायला सांगा. बहुतेक वेळा असं निघतं की एकाने "आवक" म्हणजे त्या दिवसाची धरली आणि दुसऱ्याने आठवड्याची, किंवा वाट्सॲपवर आलेल्या भावाच्या फोटोला एकाने "स्वतः मिळवलेली माहिती" मानलं. वर्णन तिथेच दुरुस्त करा आणि त्या एका निकषाचे गुण पुन्हा देऊन बघा. सगळ्यांचे आकडे एकसारखे यावेत असा हट्ट नको. एका गुणाचा फरक राहतो आणि राहू दे.

तुमचे गुण वर्गापेक्षा वेगळे निघाले तर घाबरायचं कारण नाही, पण वर्गाला झुकवूही नका. तुम्हीही ओळ दाखवा. कधी कधी तुमचीच ओळ सापडत नाही. मग वर्णन तुम्हाला बदलावं लागतं.

तपासा: दुसऱ्या विभागाच्या एखाद्या विद्यार्थ्याला हा तक्ता द्या आणि विचारा, "यावरून चार गुणांसाठी नक्की काय करशील?" तो वर्गातल्या मुलांसारखंच सांगत असेल तर तक्ता तयार आहे.

## टप्पा ७: तारखा आणि उशिराचा नियम

तारखा शेवटी ठरवतात आणि घाईत ठरवतात. आपल्या जिल्ह्यात त्या आधी नीट बघायला हव्यात.

सम सत्रात द्राक्षांचा हंगाम जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालतो. दिंडोरी-निफाडकडच्या घरांत फेब्रुवारी-मार्चमध्ये माणूस कमी पडतो आणि मुलं बागेत असतात. तेव्हाची अंतिम तारीख म्हणजे ठरवून गैरहजेरी. क्षेत्रभेटीचं काम आधी आणि लेखन नंतर असं तोडलं तर जमतं. विषम सत्रात गणपती, दिवाळी वगैरे कॅलेंडरवर दिसतंच. मात्र २०२७ च्या सत्रासाठी आत्ताच लक्षात ठेवा: सिंहस्थातल्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात, २०१५ लाही तशाच होत्या, आणि त्या दिवसांत पंचवटीच्या बाजूने कॉलेजला पोचणं हेच मोठं काम असतं. त्या दोन महिन्यांत प्रत्यक्ष सादरीकरण ठेवू नका.

वेळही ठरवा. "शुक्रवारी जमा करा" म्हणजे कधी? इगतपुरी, सिन्नर, त्र्यंबककडे एसटीने जाणारी मुलं दुपारीच निघतात. सकाळच्या तासिकेत जमा, किंवा ऑनलाइन रात्री ११ पर्यंत, असं लिहा.

उशिराचा नियम विद्यार्थ्यांना करायला सांगितलात तर तयार राहा: तो तुमच्या नियमापेक्षा कडक येतो. "एक दिवस उशीर, शून्य गुण" असं मुलं सहज लिहितात, कारण प्रत्येकाला वाटतं उशीर दुसऱ्याला होणार. त्यांना विचारा, एसटी बंद पडली तर? घरी आजारपण असेल तर? मग दिवसाला एक गुण वजा, तीन दिवसांची मर्यादा आणि कारण आधी कळवलं तर सूट, असा काहीतरी माणसाळलेला नियम निघतो.

एआयचा नियमही याच वेळी करा. "वापरायचं नाही" हा नियम तपासता येत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवू नका. तपासता येईल असा नियम: जमा केल्यावर प्रत्येकाला स्वतःच्या अहवालातल्या एका आकड्यावर आणि एका माणसाच्या मुलाखतीवर दोन प्रश्न. ज्याने खळ्यावर उभं राहून बघितलंय त्याला दोन मिनिटं पुरतात.

## टप्पा ८: गोठवा

एका पानावर तक्ता, गुणविभागणी, तारखा, उशिराचा नियम. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. तारीख, तुमची सही, विभागप्रमुखांची सही आणि वर्गातर्फे दोन विद्यार्थ्यांच्या सह्या, त्यातली एक तरी सीआर नसलेल्याची. नोटीस बोर्डावर लावा. जे तीनही तासांना नव्हते त्यांना हरकत घ्यायला एक आठवडा. त्यानंतर फक्त तारीख बदलू शकते, तीही सगळ्या वर्गासाठी आणि लेखी. निकष आणि गुण अजिबात नाहीत, तुम्हाला मध्येच कितीही चांगली कल्पना सुचली तरी.

आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, या कागदाची प्रत द्या. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, तपासणीत अंतर्गत मूल्यमापनाच्या पारदर्शकतेबद्दल विचारतात आणि तेव्हा कॉलेजकडे बहुधा फक्त वेळापत्रकं असतात.

## टप्पा ९: तक्ता वापरायला लावा

तक्ता भिंतीवर राहिला तर तीन तास वाया गेले. जमा करण्याच्या दहा दिवस आधी कच्चा मसुदा आणायला सांगा आणि शेजाऱ्याने त्यावर लिहायचं, पण गुण नाही, फक्त "या निकषात तू कोणत्या पातळीवर आहेस आणि वरच्या पातळीसाठी काय घाल". अंतिम अहवालासोबत प्रत्येकाने स्वतःला दिलेले निकषवार गुण जोडायचे.

एकमेकांना दिलेले गुण अंतिम गुणांत धरावेत का, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत: नको, निदान पहिल्या दोन वर्षांत नको. होस्टेलची खोली, गावकी, निवडणुकीतलं भांडण, सगळं त्या आकड्यात उतरतं. लेखी शेरा उपयोगी पडतो आणि त्यात वैर दिसलंच तर ते वाचता येतं.

गटाचं काम असेल तर सगळ्यांना सारखे गुण हा प्रश्न निकषांनी सुटत नाही. प्रत्येकाकडून बंद चिठ्ठी घ्या, कोणी काय केलं, आणि वर सांगितलेले दोन प्रश्न गटातल्या प्रत्येकाला वेगळे विचारा.

तपासा: विद्यार्थ्याने स्वतःला दिलेले आणि तुम्ही दिलेले गुण एका निकषात दोनपेक्षा जास्त वेगळे आहेत, अशी प्रकरणं बाजूला काढा. बोलायचं फक्त यांच्याशी, सगळ्या ऐंशी जणांशी नाही.

## टप्पा १०: गुण भरण्याआधी

निकषवार गुणांचा तक्ता, रोल नंबरसह, पोर्टलवर भरण्याआधी दाखवा. स्वतःचेच गुण दिसतील अशा रीतीने. यादी दारावर लावू नका. शंकेसाठी दोन दिवस द्या आणि शंका लेखीच घ्या: कोणता निकष, कोणती पातळी वाटते, अहवालात कुठे. "सर, कमी वाटतात" ही शंका परत करा, रागाने नाही, कोरा फॉर्म देऊन. दुरुस्ती केलीत तर कारण लिहा. अपूर्णांक वर न्यायचा की खाली, हेही टप्पा ८ च्या पानावर आधीच असायला हवं. शेवटच्या दिवशी ठरवलं तर ज्याचा अर्धा गुण गेला तो विचारायला येतोच.

पोर्टल बंद होण्याच्या आदल्या रात्री हे करू नका. तेव्हा साइट हळू असते, ऑपरेटर वैतागलेला असतो आणि एक चुकीचा आकडा दुरुस्त करायला नंतर अर्ज लागतो.

सत्र संपल्यावर फाइलमध्ये ठेवायचं: सहीचा पहिला कागद, पहिल्या तासाच्या चिठ्ठ्या, चाचपणीचा फळ्याचा फोटो, गोठवलेलं पान, आणि परवानगीसह पुढच्या वर्षासाठी चार नवे नमुने. पुढच्या तुकडीला हा तयार तक्ता पहिल्या दिवशी हातात देऊ नका, ती तो वाचून सही करेल आणि विसरेल. त्यांचा स्वतःचा तिसऱ्या तासाला तयार झाला की मग जुना शेजारी ठेवा आणि विचारा, यातलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं.